पेन्सिलीनं लिहिलेले तीन आकडे

प्रिय गणेश, ओंकार आणि चंद्रकांत,

आमच्या माळ्याच्या दाराला आतून पेन्सिलीनं लिहिलेल्या तीन ओळी आहेत. 111 अधिक 133, 244. 136 अधिक 160, 296. 150 अधिक 188, 338. नावं लिहिलेली नाहीत. 2014 च्या जुलैत ती लिहायची गरजच वाटली नव्हती. त्या आठवड्यात कुरुंदवाडात हे आकडे कुणाचे, असं विचारावं लागलं नसतं. मागच्या दिवाळीत माळा झाडताना माझ्या नातीनं ते वाचले आणि विचारलं, "आजी, हा दुधाचा हिशेब आहे का?"

तिला उत्तर देता देता हे पत्र सुचलं. तिला घरात सांगून भागलं असतं, पण तिच्या वयाची सगळी पोरं हाच प्रश्न विचारतील असं वाटलं, म्हणून उघड्यावर लिहिते आहे. वयानं मोठी आणि गावचीच, तेव्हा एकेरीत लिहिते. तुमच्यापैकी कुणालाही मी वर्गात शिकवलेलं नाही, त्यामुळं तो हक्क सांगत नाही. तुमच्या स्पर्धांची कात्रणं मात्र एका वहीत चिकटवून ठेवली होती. 2019 च्या ऑगस्टात पाणी घरात शिरलं आणि ओसरल्यावर ती वही चिखलाची वीट होऊन हाती आली. माळ्याच्या दारापर्यंत पाणी चढलं नाही, म्हणून शिसाच्या या तीन ओळी तेवढ्या राहिल्या.

गणेश, पहिली ओळ तुझी. 24 जुलै 2014. स्पर्धा ग्लासगोला, क्लाइड नदीच्या काठावरच्या त्या सभागृहात, ज्याचं छप्पर लांबून एखाद्या खवल्या मांजरासारखं दिसतं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं. राष्ट्रकुल स्पर्धेचा तो पहिलाच खेळाचा दिवस होता. वेटलिफ्टिंगच्या 56 किलो गटात स्नॅचमध्ये तू 111 किलो उचललेस. भारताच्याच सुखेन डेनं 109, मलेशियाच्या झुल्हेल्मीनं 108. म्हणजे अर्धी स्पर्धा झाली तेव्हा त्या दोघांच्याही पुढं आपला कुरुंदवाडचा पोरगा होता! ही गोष्ट गावात फारशी कुणी सांगत नाही. ब्राँझ मिळालं एवढंच सांगतात. पुढं क्लीन अँड जर्कमध्ये सुखेननं 139 उचलून 248 ची बेरीज केली, झुल्हेल्मीनं 137 उचलून 245. तुझे 133, बेरीज 244. सोनं चार किलोंवर राहिलं आणि चांदी एका किलोवर.

त्या एका किलोवर मी पुष्कळ विचार केला आहे. 2005 पर्यंत या खेळात वजन अडीच किलोंच्या पटीतच वाढवता येत असे. मग नियम बदलला आणि एकेक किलोनं वाढवायची मुभा मिळाली. खेळ बारीक झाला, हिशेब अधिक कडक झाला. आठ वर्षांनी, 2022 साली बर्मिंगहॅमला, सांगलीच्या संकेत सरगरनं 55 किलो गटात 248 उचलले. मलेशियाचाच अनिक कासदान 249 ला पोचला. क्लीन अँड जर्कमध्ये संकेतचा उजवा कोपर दुखावला, तरी तो पुन्हा बारला हात घालायला आला. एकाच नदीकाठचे दोन तरुण आणि दोघांच्या आणि वरच्या पदकाच्या मध्ये एकेक किलो. साखरेच्या पुड्याएवढा.

ओंकार, तुझे 136 आणि 160, गट 69 किलो. चंद्रकांत, तुझे 150 आणि 188, गट 94. त्याच स्पर्धेत, थोड्याच दिवसांच्या अंतरानं, दोघांनाही ब्राँझ. चंद्रकांतच्या गटात सोनं पापुआ न्यू गिनीच्या स्टीव्हन कारीनं नेलं.

नातीला 188 किलो म्हणजे किती ते कळेना. मग मी तिला आमच्या जुन्या शेजाऱ्यांची गोष्ट सांगितली. ते बाजारात हमाली करत. तेव्हा साखरेचं पोतं शंभर किलोचं असायचं. त्यांच्या पाठीवर ते पोतं ठेवायला दोघं जण लागायचे, आणि ते वाकून, पाय रोवून, श्वास धरून चालायचे. अशी दोन पोती, त्यांत बारा किलो कमी, एकट्यानं जमिनीवरून खांद्यापर्यंत आणायची आणि तिथून डोक्यावर. हात कोपरात वाकता कामा नये. पाय एका रेषेत आणून स्थिर उभं राहायचं, पंचांची खूण होईपर्यंत. तीन पंचांपैकी दोघांचे पांढरे दिवे लागले तर ते वजन तुमचं. शेजारी त्यांच्या पोत्याखाली वाकलेले असायचे. चंद्रकांत, तू वजनाखाली ताठ उभा होतास, हे सांगताना माझाच आवाज जड झाला. गटाच्या वजनाच्या बरोबर दुप्पट. गणेशचं तर सव्वादोन पटीहून जास्त.

आणि प्रयत्न किती? स्नॅचचे तीन, क्लीन अँड जर्कचे तीन. एकूण सहा. तिन्ही स्नॅच हुकले तर पदकाच्या बेरजेतून नाव बाद. एका स्नॅचला जमिनीपासून डोक्यावर जायला डोळ्यांची दोनदा उघडझाप होईल एवढाच वेळ लागतो. वर्षानुवर्षांची मेहनत, आणि जगासमोर मोजायला सहा उचलण्या. दुसऱ्या कुठल्या खेळात माणसाचा हिशेब इतक्या थोडक्यात होतो?

आता जी गोष्ट मला बोचते ती सांगते. 2018 साली आंतरराष्ट्रीय संघटनेनं सगळे वजनगट बदलले. 56 गेला, 69 गेला, 94 गेला. तुमचे तिन्ही गट एकदमच. तुमच्यानंतर आलेल्या मुलाला तुमच्या आकड्याशी आपला आकडा सरळ लावून बघता येईना; तो 55 मध्ये किंवा 61 मध्ये, 67 मध्ये किंवा 73 मध्ये. पळणाऱ्याचे शंभर मीटर शंभरच राहतात. तुमच्या पायाखालची फळी मात्र काढून घेतली गेली. म्हणूनच नातीला तो दुधाचा हिशेब वाटला, यात तिचा दोष नाही. आकड्यामागची गोष्ट कुणी लिहून ठेवली नाही, तर आकडा मुका होतो.

तिसरा क्रमांक म्हणून कुणी हळहळ व्यक्त केली, तर मला राग येतो. ब्राँझ हा आपल्या मुलखाचा धातू आहे. कृष्णेच्या वरच्या अंगाला, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. त्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला 72 वर्षं जावी लागली. 2024 ला पॅरिसमध्ये नेमबाजीत ते मिळवलं राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं. तेही ब्राँझच. खाशाबांचं गाव कृष्णेकडचं. राधानगरीची भोगावती पंचगंगेत मिसळते. आणि कृष्णा-पंचगंगा जिथं भेटतात त्या जागेच्या उशाशी आपलं गाव, जिथं एकाच स्पर्धेतून तीन ब्राँझ आली. ओंकार, तुझ्या आडनावाचा अर्थ धातू ओतणारा, काशाची-पितळेची भांडी घडवणारा. 2014 ला ती बातमी वाचून मी देवघरातली काशाची वाटी हातात घेऊन बसले होते, हे आज पहिल्यांदा सांगते.

खाशाबांच्या वाट्याला पुढं जे आलं तेही आपल्याला ठाऊक आहे. 1984 ला ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मागं, शतक संपताना. आपल्याकडं पदक आलं की आठवडाभर फ्लेक्स लागतात, हार-तुरे होतात, आणि पाऊस संपेपर्यंत सगळं निवतं. हे कुणाचं वाईट मन नसतं. आठवण ठेवायची रीत आपण बसवलेली नाही, एवढंच.

ती रीत मी स्कॉटलंडमध्येच पाहिली, म्हणून तुम्हाला सांगायची आहे. माझा भाचा एडिंबराला असतो. त्याच्याकडं गेले तेव्हा मला ग्लासगोतलं ते सभागृह बघायचं होतं आणि ते मी बाहेरून बघून आले. पण तो मला आणखी एके ठिकाणी घेऊन गेला: दक्षिणेला, इंग्लंडच्या सीमेकडं, हॉइक नावाच्या गावात. लोकरीच्या विणकामाच्या गिरण्यांचं गाव, कुरुंदवाडहून लहान. गावात शिरल्यावर मी थबकले, कारण तिथंही दोन नद्यांचा संगम आहे, टीव्हिएट आणि स्लिट्रिग. तिथंही पूर येतो.

त्या एवढ्याशा गावानं स्कॉटलंडच्या रग्बी संघाला पन्नासहून अधिक खेळाडू दिले आहेत. 1873 चा क्लब. खेळणारे गिरणीत, शेतात, शाळेत राबणारे; कित्येक पिढ्या रग्बीवर पोट भरायची सोय नव्हतीच. तिथल्या बागेत बिल मॅकलॅरेन यांचा अर्धपुतळा आहे. हे गृहस्थ स्वतः स्कॉटलंडकडून खेळण्याच्या उंबरठ्यावर होते, तेवढ्यात क्षयानं गाठलं आणि खेळणं संपलं. मग ते गावातल्या शाळांमध्ये व्यायामशिक्षक झाले, आणि पुढं रग्बीचे समालोचक म्हणून साऱ्या ब्रिटनला त्यांचा आवाज ओळखीचा झाला. त्यांच्या हाताखालच्या शाळकरी पोरांमधून जिम रेनविक निघाला, कॉलिन डीन्स निघाला. हे दोघंही देशासाठी 52-52 सामने खेळले. टोनी स्टँगर निघाला, ज्यानं 1990 मध्ये इंग्लंडविरुद्ध केलेली ट्राय तिथलं शाळकरी पोरही सांगतं. मला रग्बीतलं काही कळत नाही. पण एक शिक्षक, एक गाव आणि पिढ्यान्‌पिढ्या निघणारी पोरं, एवढं कळायला तेवढं पुरे होतं. मला तिथं सारखं आपल्या गावचं हर्क्युलस जिम आठवत होतं, तुम्हाला तिथं घडवणारे प्रदीप पाटील सर आठवत होते.

मॅकलॅरेन यांच्याबद्दल भाच्यानं आणखी एक सांगितलं आणि ते माझ्या मनात रुतून बसलं. प्रत्येक सामन्याआधी ते एक मोठा कागद घ्यायचे आणि त्यावर बारीक अक्षरात, रंगीत शाईनं, दोन्ही संघांतल्या एकेका खेळाडूची माहिती उतरवायचे. कोण कुठला, आधी काय खेळला, कशात तरबेज. समालोचनात त्यातलं थोडंसंच बोलायला मिळायचं. तरी दर वेळी सगळं लिहायचे. ते कागद आज जपून ठेवलेले आहेत.

पण त्यासाठी हॉइकपर्यंत जायला नको होतं, हे परतीच्या विमानात लक्षात आलं. आपल्याच गावात 18 ऑगस्ट 1872 ला विष्णू दिगंबर पलुस्कर जन्मले. लहानपणी फटाक्याच्या दारूनं डोळे अधू झाले, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवांकडं गाणं शिकायला गेले. त्या काळी गाणं गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जायचं, आणि गुरूची मर्जी नसेल तर तिथंच थांबायचं. बुवा गेले की बंदिश गेली. पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, येईल त्याला गाणं शिकवायला सुरुवात केली, आणि सूर कागदावर उतरवायची आपली लिपी तयार केली. अधू डोळ्यांच्या माणसानं सूर दिसतील असे केले. मशिदीत गणपती बसवणारं गाव, संताजी घोरपड्यांच्या समाधीचं गाव म्हणून लोक आपल्याला ओळखतात, त्याचा अभिमान आहेच. पण गळ्यात अडकलेली विद्या कागदावर आणणाऱ्याचं गाव, ही ओळख मला सगळ्यांत मोठी वाटते.

तुमची विद्याही अंगातच अडकलेली आहे. खांद्यात, मांड्यांत, मनगटात. तिघांचीही तिशी उलटली. वेटलिफ्टरच्या अंगातली विद्या अंगाबरोबरच थकते. ती लिहून ठेवा, एवढंच मागणं आहे.

काय लिहायचं, असं विचाराल. सत्काराला उत्तर देताना सांगतो ते नको. ग्लासगोच्या 111 च्या आधी कुरुंदवाडात 111 किती वेळा हुकलं, ते लिही, गणेश. बार पुढं पडत होता की मागं? कुणी पाहून सांगितलं आणि काय बदललं? पहिला प्रयत्न किती किलोंचा टाकायचा हे कसं ठरवलंत? समोरच्यानं आयत्या वेळी आपला आकडा वाढवला की आतल्या खोलीत काय घालमेल होते? ओंकार, वजनगटात बसण्यासाठी आदल्या रात्री काय खाल्लंस, काय सोडलंस? पावसाळ्यात, हवा ओली असताना, हाताला लावायची पावडर धरते का? चंद्रकांत, खांद्यावर 188 आल्यावर तिथून वर ढकलायच्या आधीचा जो एक श्वास असतो, त्या श्वासात डोक्यात काय होतं? गुडघा दुखायला लागला तेव्हा किती दिवस थांबलास, आणि आज मागं वळून बघताना ते दिवस कमी वाटतात की जास्त? घरचा खुराक महिन्याला किती रुपयांचा पडायचा, आणि ते रुपये कुठून यायचे? हेही लिहा. कुणाची लाज नको. ज्या बापाला आपल्या पोराला जिममध्ये घालायचं आहे त्याला पदकाच्या फोटोपेक्षा हा आकडा अधिक कामाचा आहे.

मुलींसाठीही लिहा. 2014 च्या त्याच पहिल्या दिवशी, त्याच मंचावर, मणिपूरच्या संजिता चानूनं सोनं आणि मीराबाई चानूनं चांदी घेतली होती. माझी नात दहा वर्षांची आहे. तिचे खांदे रुंद आहेत. एवढंच म्हणते.

या मागणीला घाई आहे. 2026 ची राष्ट्रकुल स्पर्धा ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरियानं नाकारली आणि ती पुन्हा ग्लासगोच्या वाट्याला आली. उद्घाटनाची तारीखसुद्धा तुमच्या वेळचीच, 23 जुलै. वेटलिफ्टिंगचं ठिकाणही तेच, क्लाइडकाठचं खवल्या मांजराच्या पाठीचं सभागृह. स्पर्धा छोटी केल्यानं खेळ दहाच ठेवले. रग्बी सेव्हन्स वगळली, जी 1883 मध्ये हॉइकशेजारच्या मेलरोझ गावात जन्माला आली. कुस्तीही वगळली. खासबागेच्या कुस्ती मैदानाच्या जिल्ह्याला हे किती लागलं असेल ते मी सांगायला नको. आपल्या मातीतल्या पोरांना त्या स्पर्धेत जायला ताकदीची वाट म्हणून तुमचा खेळ राहिला. आणि 2025 मध्ये वजनगट पुन्हा बदलले, तेव्हा 94 परत आला. चंद्रकांत, तुझ्या 338 ला पुन्हा शेजार मिळाला. त्या गटातल्या मुलाला आपला आकडा तुझ्या आकड्याशेजारी ठेवून बघता येऊ लागलं.

दोनशे पानी वही आणली आहे, जाड पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर मी त्या तीन ओळी उतरवल्या आहेत. या वेळी नावांसकट, तारीख-गटांसकट. पुढची पानं कोरी आहेत. येत्या रविवारी सकाळी जिममध्ये ठेवून येईन. तिघांनी एका बैठकीला बसलं पाहिजे असं नाही; ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा चार ओळी लिहाव्यात. अक्षर कसंही चालेल. शाईऐवजी पेन्सिलीनं लिहिलंत तर बरं, पाण्यात ती टिकते.

आणि वही वरच्या फळीवर ठेवा. खालच्या नको. 2005 ला, 2019 ला आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं ते तिथल्या कुणालाही विचारा.

तुमच्याच गावची,
एक निवृत्त शिक्षिका
कुरुंदवाड